सरांविरुद्धची तक्रार

कौन्सिलमधून फोन आला तेव्हा धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात सकाळचा शेवटचा पेशंट गुळण्या करत होता. एका तक्रारीत तज्ज्ञ म्हणून मत द्याल का, असं पलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. कौन्सिल म्हणजे दाताच्या डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी संस्था. तिच्या यादीत नाव आहे म्हणून आम्हाला दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा हक्क आहे. ते नाव खोडलं की हक्क संपला. पेशंटची तक्रार आली की आधी डॉक्टरचा खुलासा मागवतात, गरज वाटली तर त्याच शहरातल्या एखाद्या जाणकाराला मत विचारतात, मग सुनावणी होते. असं मत मी याआधीही दिलं होतं. बहुतेक वेळा कवळी बसत नाही, कॅप निघाली, डॉक्टर नीट बोलले नाहीत, अशीच भांडणं असतात. मग अधिकाऱ्यानं डॉक्टरचं नाव सांगितलं आणि मी स्टुलावर बसकण मारली.

ते माझे सर होते. नुसते माझे नाहीत. विदर्भातल्या निम्म्या दाताच्या डॉक्टरांच्या हातात पहिली पक्कड त्यांनी दिली असेल. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर नागपूरच्या जुन्या महाल भागात एका गल्लीत त्यांनी दवाखाना चालू ठेवला होता, खाली दवाखाना आणि वर घर. रागीट माणूस. मी रागीट आहे असं माझ्याकडे काम करणाऱ्या मुली म्हणतात, त्यांनी सरांना पाहिलेलं नाही. सरांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला ते पेशंटसमोर बाहेर काढत. "कुठं दुखते, हे पेशंटले विचारा. कोणता काढू, हे विचारायचं नाही. ते पेशंटचं काम नाही, ते तुमचं आहे." कारण दाताचं दुखणं मोठं लबाड असतं. खालची दाढ किडलेली असते आणि माणूस शपथेवर सांगतो की वरची दुखते. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तिथे कळ येत असते. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलानं खुर्चीतल्या म्हाताऱ्याला "बाबा, कोणता काढायचा?" असं विचारलं, तर सरांनी त्याला महिनाभर पक्कड धरू दिली नाही.

मी अधिकाऱ्याला सांगितलं, ते माझे गुरू आहेत, मला हे काम देणं बरोबर नाही, दुसऱ्या कोणाला तरी द्या. तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला की तुमच्याआधी ज्यांना ज्यांना फोन केला त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. "मॅडम, नागपुरात त्यांचा विद्यार्थी नसलेले कोणी डॉक्टर असतील तर तुम्हीच नाव सुचवा." मी आठवून पाहिलं. एकही नाव आठवेना. तो म्हणाला, नातं काय ते लिहून द्या आणि मत द्या.

तक्रार अशी होती की उमरेडच्या एका बाईची चांगली दाढ काढली, किडलेली तोंडात तशीच राहिली आणि पुढे तिच्या जिवावर बेतलं. माझा एका अक्षरावर विश्वास बसला नाही. सर आणि चुकीची दाढ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या गल्लीच्या तोंडाशी अलीकडे एक चकचकीत दवाखाना उघडला होता, बाहेर मोठा फलक, आत थंडगार हवा. त्यांनीच कोणाला तरी पढवून हे उभं केलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. हे काम गुप्त ठेवायचं असतं, पण धंतोलीतून महालात बातमी पोचायला मेट्रोही लागत नाही. संध्याकाळपर्यंत मला जुन्या नव्या डॉक्टरांचे फोन यायला लागले. कोणी उघड काही म्हणालं नाही. पाहून घ्या मॅडम, एवढंच. एक तर हसत हसत म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ." एरवी मला अशा सांभाळून घेण्याचा संताप येतो. त्या दिवशी आला नाही, कारण मला स्वतःलाच सांभाळून घ्यायचं होतं.

तपासायला म्हणून मी त्या बाईंना माझ्या दवाखान्यात बोलावलं. तिशीची, सडपातळ, नीटनेटकी बाई. सासरी पूर्वी माग होते. आता नवरा कंपनीत जातो आणि ही घरी साड्यांना फॉल-पिको करते. नवरा बाहेर बसला. मी तिच्याकडे संशयानंच पाहत होते, हे कबूल. तोंड उघडा म्हटलं तर ते दोन बोटंसुद्धा उघडेना. चांगल्या माणसाचं तीन बोटं सहज उघडतं. जबड्याखाली व्रण होता, पू काढायला चिरा दिलेला. वरची दाढ होती तिथे आता हिरडी भरून आली होती, आणि जुना एक्स-रे मी उजेडाकडे धरून पाहिला तर ती दाढ निकोप दिसत होती. किडली होती ती तिच्या बरोबर खालची. ती तशीच राहिली, आतल्या आत पिकली, सूज गळ्यापर्यंत उतरली आणि श्वास अडायला लागल्यावर घरच्यांनी तिला गाडीत घालून नागपूरला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळेवर चिरा दिला म्हणून ती माझ्यासमोर बसलेली होती.

मी एक्स-रे खाली ठेवला. तरी मी आशा सोडली नव्हती. म्हटलं, दाढ दुसऱ्याच कोणी काढली असेल, सरांच्या अंगावर ढकलत असतील. तिला म्हटलं, ताई, त्या दिवशी काय झालं ते सुरुवातीपासून सांगा.

तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी साहेबांनी तपासलं, एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला दाढ काढायला बोलावलं. खुर्चीत बसवलं. साहेबांच्या मिसेस तिथे मदतीला असतात, पण त्या वेळी बाहेर बाकावर कोणाला तरी घेरी आली म्हणून त्या पाणी द्यायला गेल्या होत्या.

"मंग साहेबानं मले इचारलं, कोणता काढू, बाई? मीनं बोट ठेवलं. वरतीच दुखून राहिलं होतं ना जी मले."

"काय विचारलं?"

"कोणता काढू म्हणून."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोणी पढवलं असतं तर हे वाक्य पढवलं नसतं. हे वाक्य सरांच्या तोंडून कधीच निघणार नाही, हे आम्हा विद्यार्थ्यांनाच ठाऊक होतं. एक्स-रे पाहून मी हादरले होते, पण चुकीची दाढ काढणं कोणाच्याही हातून कधीतरी होऊ शकतं. तो प्रश्न विचारणं सरांच्या हातून होऊ शकत नव्हतं. ज्यांनी तो विचारला ते सर उरलेच नव्हते.

बाई मात्र माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, चूक तिचीच आहे, बोट तिनंच ठेवलं, साहेबांनी काढली म्हणजे काहीतरी खराबी असेलच. मी थक्क होऊन म्हटलं, मग तुम्ही तक्रार कशाला केली?

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी कायले करू जी? डॉक्टरीणबाई आल्या होत्या आमच्या घरी. साहेबाच्या मिसेस. माह्या पाया पडल्या थ्या. एवढी मोठी बाई पाया पडली तं मी नाही कशी म्हणू?"

 सरांविरुद्धची तक्रार त्यांच्याच बायकोनं, आमच्या काकूंनी, करवली होती.

दुसऱ्या दिवशी मी महालात गेले. त्या गल्लीत गाडी जात नाही, दुचाकीलाही दुसऱ्या दुचाकीची वाट पाहावी लागते. काकू वर स्वयंपाकघरात होत्या आणि सर आतल्या खोलीत झोपले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, काकू, हे तुम्ही का केलं? माझा आवाज चढला होता. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, आणि अगदी सरळ आवाजात सांगायला लागल्या.

बराच काळ चाललं होतं ते. हात ठणठणीत होता, नजर ठणठणीत होती. पण एक्स-रे पाहून पक्कड घ्यायला वळले की तेवढ्यात दाढ कोणती ते निसटून जायचं. ते थांबायचे, काकूंकडे पाहायचे. काकूंनी मग एक रीत पाडून घेतली. सर वळले की त्या हातमोजा घातलेलं बोट पेशंटच्या त्या दाढेवर टेकवून ठेवायच्या आणि सर परत फिरले की बोट काढायच्या. पेशंटला वाटायचं, गाल बाजूला धरताहेत. सर काही विचारायचे नाहीत, त्या काही सांगायच्या नाहीत. असा दवाखाना चालला होता. मी अधूनमधून तिथे जायची तेव्हा ते बोट मी पाहिलेलंही होतं आणि मला त्या जोडप्याचं फार कौतुक वाटायचं. त्या दिवशी घेरी आलेल्या माणसाला पाणी देऊन त्या आत आल्या तर दाढ ट्रेमध्ये पडलेली होती. तिची तीन मुळं पाहूनच त्यांना कळलं की ही वरची, खालचीला दोनच असतात. बाई तोवर निघून गेली होती, आणि तिचा पत्ता लागेपर्यंत ती इस्पितळात पोचली होती.

मी म्हटलं, मग दवाखाना बंद करायचा होता. त्यांनी तेही केलं होतं. कुलूप घातलं तर सर चिडले, जेवले नाहीत. किल्ली लपवली तर पेशंट जिना चढून वर आले. साहेब, तुमचाच हात पाहिजे, दुसऱ्याकडे आम्ही जात नाही. आणि सरांनी वरच, खिडकीशी खुर्ची ओढून, एका शेजाऱ्याची दाढ काढली. मेंदूच्या डॉक्टरांनी काम थांबवा म्हणून सांगितलं, ते सर दारापर्यंत येईतो विसरले. काकूंनी सरांच्या दोन-तीन बड्या विद्यार्थ्यांच्या कानावर घातलं तर ते हसले. सर अजून आपल्या सगळ्यांना पुरून उरतील, म्हणाले. शेवटी काकूंनी कौन्सिलला फोन करून विचारलं की डॉक्टरचं डोकं साथ देत नसेल तर त्याला थांबवायचं कसं? उत्तर मिळालं की ज्याचं नुकसान झालं त्यानं तक्रार करावी लागते, आणि तक्रार गैरवर्तनाची असावी लागते.

"यायनं कधी गैरवर्तन केलं नाही," काकू म्हणाल्या. "पण दुसरा दरवाजाच नव्हता. यायचं नाव खराब झालं तर होऊ दे. कोणाचा जीव गेला तर ते चांगलं नाव घेऊन मी काय करू? आणि कौन्सिलनं सांगितलं तर हे ऐकतील. कायद्याचं हे ऐकतात."

मला काकूंचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि बाकी सगळ्यांचा आला. आमचा धंदा, आमचे कायदे, आमचं ते सांभाळून घेणं. दोषी आणि निर्दोष असे दोनच कप्पे करून ठेवलेत. आयुष्यभर चोख काम केलेला माणूस थकला, तर त्याला ठेवायला तिसरा कप्पा नाही. त्याला थांबवायचं असेल तर त्याच्या बायकोनं उमरेडला जाऊन परक्या बाईच्या पाया पडायचं आणि त्याला गुन्हेगार ठरवून घ्यायचं. मी हे सगळं काकूंना बोलून दाखवलं. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, जरा हळू बोल, उठतील.

सर उठलेच. बाहेर आले, मला ओळखलं, नावानिशी.  कौन्सिलनं मागवलेला खुलासा त्यांच्याकडून गेलाच नव्हता, तो आता मला घ्यायचा होता आणि तक्रार आल्याचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. ती त्यांनीच केली. जुने विद्यार्थी घरी येत ते अडलेली केस घेऊनच, त्याच सवयीनं त्यांनी विचारलं, "काय वं, केस आहे का काही?"

मी हो म्हटलं, आणि सगळी केस सांगितली. डॉक्टर कोण ते सोडून सगळी. सर सरसावून बसले. कॉलेजातले सर परत आले. बाईचं वय काय, तोंड किती उघडते, सूज कोणत्या बाजूनं उतरली, एकेक प्रश्न नेमका. मी त्या प्रश्नापाशी आले आणि सांगितलं, सर, त्या डॉक्टरांनी पेशंटला विचारलं, कोणता काढू.

"विचारलं? पेशंटले?"

"हो, सर."

त्यांचा चेहरा लाल झाला.  मग एकेक शब्द तोलून बोलले. "हे अज्ञान नव्हे. अज्ञानी असता तर त्याले शिकवता आलं असतं. याले येत होतं आणि आता येत नाही. त्याले खुर्चीपाशी उभं राहू द्यायचं नाही. उद्यापासून नाही, आजपासून. त्याचं नाव काढा. पण चिठ्ठी पाठवून नका कळवू. कोणीतरी त्याच्या घरी जा आणि त्याच्यासमोर बसून सांगा." मग माझ्याकडे वाकून काळजीनं म्हणाले, "कोण आहे वं तो? आपल्या कॉलेजचा तर नाही ना?"

 डोळे भरून आले म्हणून मी कपाकडे पाहत राहिले. काकू ओट्यापासून आल्या, सरांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आहा ते."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नाही म्हणेन अशी त्यांना आशा होती, ती मला स्पष्ट दिसली. मी काहीच म्हटलं नाही. इतका हबकलेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि माझ्या धंद्यात घाबरलेले चेहरे कमी नसतात. मग त्यांनी विचारलं, "पेशंट कशी आहे?" मी म्हटलं, वाचली, सर, तोंड अजून पुरतं उघडत नाही. त्यांनी मान हलवली. "मग बरोबरच आहे. लिहून टाक."

मी लिहून टाकलं. मत म्हणून मी सरांचाच निकाल लिहिला, आणि हात जोडून अशी विनंती केली की ही शिक्षा समजू नये, याला आजारपण समजावं. सुनावणीला सर गेले नाहीत, काकू गेल्या. तिथल्या लोकांनी त्यांना अदबीनं वागवलं, पाणी विचारलं, आणि कायद्यात जे शब्द होते त्या शब्दांत निर्णय दिला. दोष सिद्ध, नाव कमी. पेशंटला फसवणारे, खोट्या पदव्या लावणारे ज्या यादीत जातात त्याच यादीत सर गेले. त्यानंतर कितीतरी विद्यार्थ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. काकूंना मात्र कोणी काही बोललं नाही, कारण हे त्यांनी केलंय असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

दवाखाना बंद होऊन बरेच दिवस झाल्यावर एका सकाळी मी महालात गेले. आता काकू मोकळ्या झाल्या असतील, असं मला वाटत होतं. त्या फार थकलेल्या दिसल्या. मी विचारलं, आता तर सगळं मिटलं ना? त्या म्हणाल्या, "कौन्सिलनं एकदा सांगितलं, बाई. मले रोज सांगा लागते."

सर रोज सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि दवाखान्याची किल्ली मागतात. नाव कमी झालं म्हटलं की का म्हणून विचारतात. मग काकू त्यांना पूर्ण केस सांगतात. अर्धवट सांगितलेलं त्यांना चालत नाही. ते चिडतात, त्या डॉक्टरला थांबवा म्हणून निकाल देतात, आणि मग विचारतात की तो कोण. मी काकूंना म्हटलं, खोटं सांगा हो, आज सुट्टी आहे म्हणा. एक दिवस त्यांनी तेही करून पाहिलं होतं. सर दिवसभर खिडकीत उभे राहिले, पेशंट परत जातील म्हणून. निकाल कळला तर निदान शांत बसतात, काकू म्हणाल्या. त्यांना वाटतं, न्याय बरोबर झाला.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात सर बाहेर आले. भांग पाडलेला, शर्ट कडक. मला पाहून खूश झाले. "चाबी दे वं," काकूंना म्हणाले, "लोक खोळंबले असतील."

काकू उठल्या नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "आज तू सांग. मले नाही होत आज." आणि त्या आत निघून गेल्या.

मी म्हटलं, सर, बसा, एक केस आहे. ते आनंदानं बसले. मी उमरेडच्या बाईंपासून सुरुवात केली. त्यांनी तेच नेमके प्रश्न विचारले, त्याच जागी त्यांचा चेहरा लाल झाला, तोच निकाल त्यांनी दिला, आणि माझ्याकडे वाकून, तितक्याच काळजीनं, तो डॉक्टर आपल्या कॉलेजचा तर नाही ना, असं विचारलं. आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता. काकू दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या.

"तुम्ही, सर," मी म्हटलं.

सर पहिल्यांदाच ऐकत होते.